माल विकला आणि वाद झाला तर: नव्या व्यापाऱ्यासाठी कायद्याची वाट

उधारीवर माल गेला, मुदत संपली, पैशांची आठवण केली आणि समोरून उत्तर आले, "माल खराब निघाला, म्हणून पैसे थांबवलेत." किंवा याच्या उलट घडले. आगाऊ रक्कम भरून मागवलेला माल नमुन्यासारखा नाही, आणि विकणारा म्हणतो, "तुम्ही उतरवून घेतलात, आता तक्रार कसली?" अशा वेळी नवा व्यापारी बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. आपली बाजू खरी आहे या भरवशावर तो गप्प बसतो, नाहीतर कोर्टात वर्षानुवर्षे जातील म्हणून पैसे सोडून देतो. दोन्हीत त्याचेच नुकसान आहे.

हा कायदा समजायला अवघड नाही, पण तो वेळेवर बोलणाऱ्याच्या मदतीला येतो. विकलेल्या मालाचे बहुतेक वाद कोर्टात पोचण्याच्या कितीतरी आधी, माल उतरल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात ठरून गेलेले असतात. कोणी काय लिहिले, कोणाला पाठवले, कधी पाठवले, यावर पुढचे सगळे उभे राहते.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण धरून चालू. इचलकरंजीतला एक यंत्रमागधारक भिवंडीतल्या व्यापाऱ्याला ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेले, न रंगवलेले कापड विकतो. ६,००० मीटर, दर ६० रुपये मीटर, म्हणजे ३ लाख ६० हजारांचा सौदा, ४५ दिवसांची उधारी.

पहिली पायरी: आपल्याला कोणता कायदा लागतो ते ओळखा

दोन व्यापाऱ्यांमधल्या खरेदी-विक्रीला मालविक्री अधिनियम, १९३० लागतो. त्याच्या पाठीशी १८७२ चा करार कायदा उभा आहेच. मालविक्रीची कलमे आधी करार कायद्यातच होती, १९३० साली ती बाहेर काढून स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे करार झाला की नाही, फसवणूक झाली का, नुकसानभरपाई किती, हे प्रश्न आजही १८७२ च्या कायद्याने सुटतात, आणि माल, मालकी, तपासणी, नकार यांचे प्रश्न १९३० च्या कायद्याने. 'माल' म्हणजे जंगम मालमत्ता. कापून देण्याच्या बोलीवर विकलेले उभे पीकही त्यात येते. जमीन, घर, रोख रक्कम येत नाही.

घरच्या वापरासाठी फ्रीज घेतला असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ची वाट मोकळी आहे आणि ती पुष्कळ सोपी आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी घेतलेल्या मालाला मात्र ती बंद आहे. अपवाद एकच: स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून एखादे यंत्र घेणारा माणूस ग्राहक ठरू शकतो. बाजार समितीत झालेल्या शेतमालाच्या व्यवहाराला समितीचे स्वतःचे नियम आहेत, तिथला वाद आधी समितीकडेच न्यावा.

आणि विकणारा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा (एमएसएमईडी) त्याच्या हाती एक वेगळेच बळ देतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

दुसरी पायरी: सौदा काय ठरला होता, ते कागदावर आणा

मालविक्रीचा करार तोंडी होऊ शकतो, लेखी होऊ शकतो, नुसत्या वागण्यातूनही होऊ शकतो. "सही नाही म्हणजे करार नाही" हा समज चुकीचा आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीने खामगावच्या जिनिंग फॅक्टरी आणि तेल गिरणीशी लांब पल्ल्याच्या फोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पेंड आली नाही आणि दावा अहमदाबादला दाखल झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रश्न होता तो फोनवरचा करार नेमका कुठे झाला याचा. बहुमताने निकाल लागला की जिथे होकार ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. खामगावच्या गिरणीला अहमदाबादच्या कोर्टात उभे राहणे भाग पडले. फोनवर "हो, पाठवतो" म्हणताना आपण कोणत्या गावच्या कोर्टाला होकार देतो आहोत, हे कोणाच्या मनातही येत नाही.

ईमेलवरच्या प्रस्तावातून आणि होकारातूनही पक्का करार होतो. बॉक्साइटच्या जहाजभर मालाच्या एका सौद्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. रीतसर करारपत्रावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या, तरी करार झाला होता. व्हॉट्सॲपवरचे बोलणेही पुरावा म्हणून चालते, फक्त ते कोर्टापुढे मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्यासाठी आहे. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे जुन्या कायद्याखाली स्पष्ट केले होते. म्हणून फोन बदलताना चॅट पुसू नका, आणि जुना फोन विकण्याआधी दोनदा विचार करा.

माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की सौदा फोनवर ठरला, तर त्याच दिवशी चार ओळींचा संदेश पाठवून समोरच्याचा होकार घ्या. आपल्या उदाहरणात त्या चार ओळी अशा असतील: कापडाचे वर्णन, पन्हा, वजन, नमुना कोणता पाहिला, मीटर आणि दर, जीएसटी वेगळा की धरून, भाडे कोणाचे आणि माल कुठे पोचवायचा, पैसे किती दिवसांत, उशीर झाल्यास व्याज किती, आणि वाद झाल्यास कोर्ट कोणत्या गावचे. भाड्याबद्दल काहीच ठरले नसेल तर विक्रीच्या वेळी माल जिथे आहे तिथेच तो द्यायचा असतो, म्हणजे नेण्याचा खर्च खरेदीदारावर येतो. कोर्टाचे गावही मनाला येईल ते लिहून चालत नाही, एरवी ज्या कोर्टांना तो दावा ऐकता आला असता त्यांतलेच एक निवडता येते.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या अटींवर फार विसंबू नका. बिल सौदा ठरल्यानंतर जाते. व्याजाची किंवा न्यायक्षेत्राची अट सौदा पक्का करतानाच कळवलेली असेल आणि समोरच्याने ती मान्य केलेली असेल, तर तिला खरे वजन येते. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे छापील वाक्य तर ग्राहकापुढे लंगडेच आहे. बिलात मुदत दिली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणे, ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

तिसरी पायरी: माल कोणाचा झाला आणि जोखीम कोणाची

ट्रक पुण्याजवळ उलटला, ताके भिजले. नुकसान कोणाचे? कायद्याचा मूळ नियम असा आहे की ज्याची मालकी त्याची जोखीम, मग माल प्रत्यक्षात कोणाच्याही ताब्यात असो. मालकी कधी बदलायची हे दोघे ठरवू शकतात. काहीच ठरले नसेल तर, करारानुसार माल ट्रान्सपोर्टवाल्याकडे सोपवला की साधारणपणे तो खरेदीदाराला दिला असे धरतात. त्यामुळे "माझ्या गोदामात आलाच नाही, मी का पैसे देऊ" हा भिवंडीच्या व्यापाऱ्याचा मुद्दा अनेकदा टिकत नाही. त्याला नुकसान सोसायचे नसेल तर "भिवंडी गोदामपोच, तोवर जोखीम विकणाऱ्याची" असे आधी लिहून घ्यायला हवे, किंवा विमा उतरवायला हवा.

ट्रान्सपोर्टवाल्याकडून भरपाई मागायची असेल तर बिल्टीची, म्हणजे त्याने माल घेताना दिलेल्या पावतीची, तारीख पाहा. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नाही, तर पुढे दावा लावता येत नाही. पुष्कळ रास्त मागण्या निव्वळ या एका तारखेपायी बुडतात.

जांगडावर दिलेल्या मालाची गोष्ट निराळी. सराफ्यात, हिऱ्यांत, कापडात पसंतीसाठी माल जांगडावर जातो. घेणाऱ्याने पसंती कळवली, माल आपलाच असल्यासारखा पुढे वापरला, किंवा ठरलेल्या मुदतीनंतरही काही न कळवता ठेवून घेतला, की मालकी त्याची होते आणि किंमत देणे त्याला भाग पडते. मुदत ठरलेली नसेल तर 'वाजवी वेळ' धरतात, आणि वाजवी किती यावर भांडण होते. जांगडाच्या चिठ्ठीवर परत करायची तारीख घातली की ते भांडण उरत नाही.

चौथी पायरी: माल उतरला त्या दिवशी

इथे खरेदीदाराने सर्वात जास्त लक्ष द्यायचे, आणि विकणाऱ्यानेही.

पाहिल्याशिवाय घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो 'स्वीकारला' असे कायदा मानत नाही. हमालांनी ताके उतरवले, गोदामात रचले, चलनावर पोच म्हणून सही झाली, एवढ्याने स्वीकार होत नाही. स्वीकार तीन प्रकारे होतो: तुम्ही तसे कळवता, किंवा माल तुमचाच असल्यासारखे काही करता, म्हणजे कापड रंगवायला टाकता, कापता, पुढे विकता, किंवा वाजवी वेळ उलटून गेला तरी नकार न कळवता माल ठेवून घेता. यांतला तिसरा प्रकार सगळ्यात घातक, कारण तो काहीही न करता घडतो.

वाजवी वेळ म्हणजे किती दिवस, हे १९३० च्या कायद्यात आकड्यात दिलेले नाही. द्राक्षांना काही तास, कापडाला काही दिवस, कारखान्यात बसवून चालवून पाहायच्या यंत्राला आणखी जास्त. विकणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर मात्र एक स्पष्ट आकडा आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप घेतला नाही, तर पैशांची मुदत आणि व्याज मोजण्यासाठी माल मिळाला तोच दिवस स्वीकाराचा दिवस धरला जातो. फोनवर कितीही आरडाओरड केली तरी ती यात मोजली जात नाही, आक्षेप लेखीच हवा. मी तर म्हणेन, समोरचा कोणीही असो, १५ दिवस हीच आपली कमाल मर्यादा मानून चला आणि शक्य तर तिसऱ्या दिवसाच्या आत लिहा.

काय करायचे ते क्रमाने सांगतो. चलनावर सही करतानाच नग मोजा. कमी असतील, भिजलेले असतील, तर सहीच्या वर तसा शेरा मारा आणि ड्रायव्हरचीही सही घ्या. चलनाचा फोटो काढा. दोन-तीन ताके उलगडून पन्हा, वजन, डाग पाहा, पाहतानाचे फोटो घ्या. नमुन्यावरून सौदा झाला असेल तर तो नमुना जपून ठेवा आणि आलेल्या मालातलाही एक तुकडा बांधून, तारीख घालून ठेवा. मग विकणाऱ्याला लिहा: कोणत्या बिलाचा माल, दोष काय, किती मालात, आणि तुमचे म्हणणे काय. माल परत नेण्याचे सांगता आहात, बदलून मागता आहात, की दर कमी करून मागता आहात, ते साफ लिहा. "माल नीट नाही, बघा जरा" असा संदेश पुढे फारसा उपयोगी पडत नाही. तोडगा निघेपर्यंत त्या मालाला हात लावू नका.

नकार कळवला की माल स्वतःच्या खर्चाने परत पाठवण्याची सक्ती तुमच्यावर नाही. नकार कळवणे पुरेसे आहे, नेण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. तोवर माल नीट सांभाळा, उघड्यावर टाकू नका.

माप कमी आले तर? ६,००० ऐवजी ५,४०० मीटर आले, तर तुम्ही सगळा माल नाकारू शकता. ठेवून घेतला तर ५,४०० मीटरचे पैसे ठरल्या दराने द्यावे लागतात. जास्त आला तर ठरलेला तेवढा घ्या आणि बाकीचा नाकारा, किंवा सगळाच नाकारा. सगळाच ठेवून घेतला तर सगळ्याचे पैसे.

आता दोषाचे वजन. कायदा अटींचे दोन भाग करतो. जी अट सौद्याचा गाभा आहे ती 'शर्त'. ती मोडली तर माल नाकारता येतो. जी बाजूची आहे ती 'हमी'. ती मोडली तर माल नाकारता येत नाही, फक्त भरपाई मिळते. करारात कोणता शब्द लिहिला यापेक्षा त्या अटीचे सौद्यातले स्थान महत्त्वाचे. काही शर्ती न लिहिताही असतात: विकणाऱ्याला माल विकण्याचा हक्क असावा, माल वर्णनाबरहुकूम असावा, नमुन्यावरून विकला तर नमुन्यासारखा असावा, तो प्रकार विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतला तर बाजारात खपण्याजोगा असावा. "अमुक कामासाठी हवा" असे सांगून, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला असेल तर त्या कामाला योग्य असावा. एरवी पारखून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराचीच आहे. तुम्ही माल पाहून घेतला असेल, तर नीट पाहताना दिसलाच असता अशा दोषाबद्दल खपण्याजोगेपणाचा मुद्दा पुढे करता येत नाही. पाहूनही न दिसणारा दोष, जसे धुतल्यावर कळणारा, त्याची गोष्ट वेगळी. तो कळताक्षणी लिहा.

आणि एकदा स्वीकार झाला की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, शर्त मोडलेली असली तरी नकाराचा हक्क जातो. हक्क अगदीच संपत नाही. भरपाई मागता येते आणि ती थकलेल्या किमतीतून वजाही मागता येते. पण "सगळा माल घेऊन जा" म्हणण्याची वेळ गेलेली असते.

पाचवी पायरी: तक्रार आली तर विकणाऱ्याने काय करावे

उत्तर द्या, लेखी द्या, लगेच द्या. तक्रार खोटी वाटत असेल तर खोटी आहे असे लिहा आणि दोघांच्या समोर तपासणीची तारीख सुचवा. कापडासाठी, रसायनासाठी, धातूसाठी चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. दोघांच्या सहीने सीलबंद केलेला नमुना तिकडे पाठवला की अर्धा वाद तिथेच संपतो. तक्रार खरी असेल तर माल बदलून द्या किंवा दर उतरवा, पण प्रत्येक वेळी क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याची लेखी नोंद, काढा. तोंडी दिलेली सूट पुढे दोघांच्या खतावण्यांत दोन वेगवेगळ्या बाकी दाखवते, आणि जीएसटीच्या हिशेबात ती बसत नाही.

पैसे न मिळालेल्या विकणाऱ्याला कायद्याने मालावर तीन हक्क दिले आहेत. माल अजून तुमच्याच ताब्यात आहे आणि उधारी ठरलेली नाही किंवा तिची मुदत संपली आहे, तर पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवता येतो. माल वाटेत आहे आणि खरेदीदाराचे देणे थकू लागले आहे, नेहमीच्या व्यवहारातली बिले भागत नाहीत, तर ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी कळवून माल वाटेतच थांबवता येतो. त्यासाठी दिवाळखोरीचा कोर्टाचा आदेश लागत नाही. आणि अडवलेला किंवा थांबवलेला माल पुन्हा विकता येतो. नाशवंत असेल तर लगेच, एरवी आधी नोटीस देऊन आणि वाजवी वेळ थांबून. नोटीस न देता विकला तर तोटा मागता येत नाही, आणि नफा झाला तर तो खरेदीदाराचा ठरतो.

माल एकदा खरेदीदाराच्या गोदामात गेला की हे तिन्ही हक्क संपतात. त्यानंतर टेंपो घेऊन जाऊन माल उचलून आणणे हा मार्ग नाही. त्यातून तुमच्यावरच फौजदारी तक्रार होऊ शकते.

सहावी पायरी: नुकसान किती, ते मोजा

नवखे इथे रागाने आकडा सांगतात. कोर्ट हिशेब मागते.

भिवंडीच्या व्यापाऱ्याने ठरलेल्या दिवशी माल घ्यायला नकार दिला आणि त्या दिवशी बाजारभाव ५४ रुपये होता, तर इचलकरंजीवाल्याचे नुकसान मीटरमागे ६ रुपये, एकूण ३६,०००. उलट इचलकरंजीवाल्याने माल दिलाच नाही आणि भाव ६६ झाला होता, तर व्यापाऱ्याचे नुकसान तेवढेच. माल स्वीकारला पण हलका निघाला, ठरल्यासारखा असता तर ६० ने गेला असता आणि आलेला ४५ च्याच लायकीचा आहे, तर मीटरमागे १५ रुपये, म्हणजे ९०,००० किमतीतून वजा मागता येतात. पण "माल खराब" म्हणून पूर्ण ३ लाख ६० हजार दाबून ठेवणे यात बसत नाही.

भाव कोणता, कुठला, कोणत्या दिवशीचा, हे सिद्ध करावे लागते. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयात एक कॅनव्हासचा सौदा आला होता. माल कानपूरहून रेल्वेने कलकत्त्याला जायचा होता, तो गेला नाही. विकणाऱ्याची चूक ठरली, तरी खरेदीदाराला भरपाई मिळाली नाही, कारण करार मोडला त्या दिवसाचा कानपूरचा भाव त्याने सिद्धच केला नव्हता. म्हणून वाद उभा राहताच त्या दिवशीची दोन-तीन व्यापाऱ्यांची दरपत्रके किंवा बिले मिळवून ठेवा. सहा महिन्यांनी ती मिळत नाहीत.

करार कायद्याचे कलम ७३ सांगते की करार मोडल्याने सहज होणारे, किंवा करार करताना दोघांना माहीत असलेले नुकसानच मिळते. "या कापडावर माझी निर्यातीची ऑर्डर अवलंबून आहे" हे आधी सांगितले नसेल तर त्या बुडालेल्या ऑर्डरचा नफा मागणे कठीण. नुकसान कमी ठेवण्यासाठी तुम्ही काय केले, हेही पाहिले जाते. करारात दंडाचा मोठा आकडा लिहिला असला तरी कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते.

सातवी पायरी: पैसे वसूल करण्याच्या वाटा

सुरुवात मागणीच्या नोटिशीने. बिलांचे क्रमांक, तारखा, बाकी, व्याज आणि १५ दिवसांची मुदत, एवढे पुरे. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलनेही पाठवा. नोटिशीत एक व्यावहारिक मुद्दा घालावा: पुरवठ्याच्या बिलापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्यावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावे लागते. याची आठवण करून दिल्यावर पुष्कळ जण हिशेबाला बसतात.

चेक मिळाला आणि वटला नाही, तर घड्याळ वेगाने चालते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, ते संपल्यापासून एक महिन्यात फौजदारी तक्रार. यांतली एक तारीख चुकली तरी न वटलेल्या चेकसाठीच्या या कलम १३८ ची (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा) वाट अवघड होऊन बसते.

तुम्ही उत्पादक आहात आणि व्यवहाराआधीपासून 'उद्यम' ही सरकारी उद्योग-नोंदणी असेल, तर थकलेल्या पैशांचे वाद ऐकणारी सूक्ष्म व लघु उद्योगांची फॅसिलिटेशन कौन्सिल ही माझ्या मते पहिली वाट. अर्ज एमएसएमईच्या पोर्टलवरून करता येतो, आणि खरेदीदार देशात कुठेही असला तरी तुमच्या भागातली कौन्सिल तो ऐकू शकते. करारात ९० दिवस लिहून घेतले असले तरी या कायद्याखाली मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही, काहीच ठरले नसेल तर १५ दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. निकाल विरोधात गेलेल्या खरेदीदाराला तो आव्हान द्यायचा तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. आपला इचलकरंजीचा यंत्रमागधारक यात बसतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणी मिळत असली तरी तिचा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच आहे, या वसुलीसाठी नाही. मध्यम उद्योगांनाही ही सोय नाही.

बाकी सगळ्यांसाठी दिवाणी वाट. ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा मालविक्रीचा वाद २०१५ च्या कायद्याखालच्या व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये पक्के केले. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. ही औपचारिकता समजून उरकू नका. तिथे झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते, आणि तो काळ दाव्याच्या मुदतीत मोजत नाहीत. दावा तुमच्यावर झाला असेल तर लेखी जबाबाला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर १२० दिवस. त्यानंतर जबाब देण्याचा हक्कच जातो. लेखी करारावर ठरलेली रक्कम येणे असेल तर समरी सूटबद्दल, म्हणजे झटपट चालणाऱ्या दाव्याबद्दल, वकिलाला विचारा. त्यात प्रतिवादीला बचाव करण्याआधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

थकबाकी १ कोटीच्या वर असेल आणि खरेदीदार कंपनी असेल तर नादारी कायद्याची नोटीसही देता येते. मात्र नोटिशीच्या आधीपासून खरा वाद चालू असेल तर ती वाट बंद होते. माल उतरल्या आठवड्यात लिहिलेला तो आक्षेप इथे पुन्हा निर्णायक ठरतो.

भागीदारीत धंदा करत असाल तर आजच पेढीची नोंदणी तपासा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या आधारे तिसऱ्या माणसावर दावा लावता येत नाही. जीएसटी क्रमांक किंवा दुकानाचा गुमास्ता परवाना म्हणजे ही नोंदणी नव्हे.

आठवी पायरी: मुदत

उधारीचे दिवस ठरलेले नसतील तर माल दिल्यापासून ३ वर्षे, ठरलेले असतील तर ते संपल्यापासून ३ वर्षे. प्रत्येक बिलाचे घड्याळ साधारणपणे वेगळे चालते. मुदत संपण्याच्या आत खरेदीदाराने सहीने बाकी मान्य केली, किंवा काही रक्कम भरली आणि त्याची त्याच्या बाजूने लेखी नोंद झाली, तर तिथून नवी ३ वर्षे सुरू होतात. म्हणून दर ३१ मार्चनंतर बाकीचे पत्रक पाठवून त्यावर सही-शिक्का घ्यायची सवय लावा. ग्राहक आयोगासाठी मात्र २ वर्षेच आहेत.

वकिलाकडे जाताना एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावून न्या: ऑर्डर किंवा सौद्याचा संदेश, बिल, ई-वे बिल, बिल्टी, पोचेचे चलन, तक्रार आणि तिचे उत्तर, खातेउतारा, बँकेत आलेल्या रकमा, नोटीस आणि तिची पोचपावती. सर्वात वर एका पानावर तारीख आणि घटना अशी यादी लिहा. तुमच्या विरोधात जाणारे कागदही त्याच फाइलमध्ये असू द्या. ते समोरच्याकडे आहेतच, आणि वकिलाला ते पहिल्यांदा कोर्टात दिसले तर तुमची खरी बाजूही कमकुवत होते.